माझ्या सहीशिवाय

साक्षीच्या सभा मला कधी मानवल्या नाहीत. एखादा उठायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "मी काहीच नाही, सगळं प्रभूनंच केलं." मागच्या बाकावर बसून मी मनात म्हणायचो, बरं, मग परवाच्या पावसात चर्चच्या छपरावर ताडपत्री कोण ओढत होतं? विजेचं बिल शेवटच्या तारखेला कोणी भरलं? नाताळच्या जेवणाचा आचारी ऐनवेळी पळाला तेव्हा दुसरा कोणी शोधून आणला? उत्तर मला ठाऊक असायचं, कारण बहुतेक वेळा तो मीच असायचो. तोंडाने मात्र सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणायचो.

देवाच्या बळावर जगणं म्हणजे ज्यांना कामं उरकत नाहीत त्यांनी शोधलेली सोय, असं माझं पक्कं मत होतं. ते आयुष्याची बरीच वर्षं टिकलं. आता ते माझं राहिलेलं नाही. कसं गेलं, ते लिहितो आहे. आधीच सांगून ठेवतो, यात चमत्कार नाही. आजार बरा झाला, अडलेलं काम एका रात्रीत मार्गी लागलं, असलं काही घडलेलं नाही. उलट एक आजार आला आणि तो अजून आहे.

ते मत कुठून आलं तेही सांगायला हवं, कारण मी ते कुणा नास्तिकाकडून उसनं घेतलेलं नव्हतं. ते चर्चमधूनच आलं. मी मूळचा नगरचा. आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी नगरच. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. त्या मिशनच्या बोस्टनमधल्या कार्यालयाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. त्यांचा आग्रह असा की इथल्या मंडळ्यांनी आपल्या पायावर उभं राहावं, आपला पाळक आपण पोसावा, आपला कारभार आपण बघावा, मिशनच्या पैशाकडे डोळे लावून बसू नये. हा आग्रह नगरकडच्या ख्रिस्ती घरांत चांगला मुरला. माझे वडील शाळामास्तर. पगार झाला की आधी दशांश बाजूला काढायचे, मग किराणा. कुणाचं देणं ठेवायचं नाही आणि कुणापुढे हात पसरायचा नाही, ही आमच्याकडे जवळजवळ अकरावी आज्ञा होती. मिशनवर विसंबू नका, हे शिकवलं ते योग्यच होतं. माझ्यात त्याचं हळूहळू असं झालं की कुणावरच विसंबू नका. आणि त्या 'कुणावरच'मध्ये देवही कधी जाऊन बसला, ते माझं मलाच कळलं नाही.

रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी लागली आणि रायपूरला आलो. तेव्हा इथे दक्षिण-पूर्व रेल्वे होती; दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे २००३ मध्ये झाली. मराठी माणसाला रायपूर परकं वाटत नाही. भोसल्यांचं राज्य अठराव्या शतकात इथवर आलं, तात्यापारा हे वस्तीचं नाव अजून आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. मराठी ख्रिस्ती माणसाची मात्र जरा गंमत होते. मराठी मंडळींत विचारतात, "तुम्ही ख्रिश्चन? आणि मराठी इतकं स्वच्छ?" चर्चमध्ये विचारतात, "आप मराठी हैं? हम तो समझे मसीही हैं." दोन्हीकडे चहा मिळतो, त्यामुळे मी तक्रार केली नाही.

इथली मंडळी आमच्या नगरपेक्षा फार वेगळी. इथल्या कामाची सुरुवात ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने १८६८ मध्ये केली. आधी रांचीकडे होते, १८५७ च्या धामधुमीत तिथून गेले, अमेरिकेत स्थिरावले आणि तिथल्या जर्मन इव्हँजेलिकल मंडळ्यांच्या वतीने पुन्हा आले. रायपूरच्या उत्तरेला त्यांनी बिश्रामपूर वसवलं. सतनामी समाजाने सुरुवातीला त्यांचं मोठं स्वागत केलं. थोड्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर तेच लोक दूर झाले. पुढे १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत अनाथ पोरांनी मिशनची आवारं भरली. आज माझ्या शेजारी बाकावर बसणाऱ्यांपैकी कित्येकांचे पणजोबा त्या पोरांतले. त्यांच्या घरच्या आठवणी ऐकल्या की एक गोष्ट जाणवते. आमच्या नगरच्या घरांत गोष्टी सांगतात त्या कोण शिकला, कोण मास्तर झाला, कोणी घर बांधलं याच्या. यांच्या घरांत सांगतात त्या कोणी उचलून आणलं, कोणी पेज पाजली याच्या. हा फरक मला दिसत होता. त्याचा अर्थ मात्र लागला नव्हता.

मंडळीचा खजिनदार मी झालो, कारण रेल्वेच्या हिशेब खात्यातला माणूस हाताशी असताना दुसरा कोण होणार? पास्टोरेट कमिटीत दर निवडणुकीला माझं नाव सुचवायचं आणि टाळ्या वाजवायच्या, एवढाच कार्यक्रम उरला होता. माझी वही बघण्यासारखी होती, हे मी स्वतःच सांगतो. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, बेरजेखाली लाल शाईच्या दोन रेघा, पट्टी न लावता सरळ. हंगामाच्या सणाला इथे उपासनेनंतर लिलाव होतो. लोक घरचे भोपळे, अंडी, तांदळाच्या टोपल्या, एखादा कोंबडा वेदीपुढे आणून ठेवतात, मग अंगणात त्यांची बोली लागते. दहा रुपयांचा भोपळा तीनशेला जातो आणि घेणारा तोच भोपळा परत लिलावाला देतो. त्या गोंधळातही माझ्या वहीत प्रत्येक भोपळा दोनदा, बरोबर दोन नावांवर चढलेला असायचा. चेकवर सही माझी, कुलपाची किल्ली माझ्याकडे. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही प्रार्थना करता की देवाला मेमो पाठवता?" मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. माझ्या प्रार्थनेत देवाला काही मागितलेलं नसायचं. पुढच्या महिन्याची व्यवस्था काय केली आहे, ते कळवलेलं असायचं. माहितीसाठी सादर.

माझ्या मताला आधार म्हणून मी नेहमी रेव्हरंड टिळकांचं उदाहरण द्यायचो. त्यांच्या गोष्टीचा एक धागा आमच्याच भागातून जातो. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी गाडीने निघाले होते, साल १८९३ च्या आसपास. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांना ते तेव्हा हास्यास्पद वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगाव रायपूरपासून सत्तर किलोमीटर. त्या मार्गाचे हिशेब तपासण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ही गोष्ट मी जरा मालकी हक्काने सांगतो.

पण सांगताना पुढे माझी पुस्ती असायची. टिळक देवावर सगळं सोपवून मोकळे व्हायचे हे खरं, हातात आलेला पैसा त्यांच्याकडे टिकायचा नाही हेही खरं. पण संध्याकाळी ताटात काय वाढायचं, हे कोण बघायचं? लक्ष्मीबाई. त्यांच्या या पत्नीचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे', मी याच नजरेने वाचलं होतं. भरवसा टिळकांचा, चूल लक्ष्मीबाईंची. प्रत्येक श्रद्धावान पुरुषाच्या मागे हिशेब ठेवणारं कुणीतरी असतं आणि साक्षीच्या सभेत त्याचं नाव निघत नाही, असा माझा सिद्धांत होता. तो अगदीच खोटा आहे असं मला आजही वाटत नाही. बायांना विचारून बघा.

त्या सिद्धांताला पहिला धक्का दिला तो तांदळाने. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चर्चला कुलूप लागलं आणि अर्पणाची थैली फिरायची थांबली. आमच्या मंडळीची मिळकत म्हणजे ती थैली. मी घरी बसून तक्ता केला. शिल्लक इतकी, पाळकांचं मानधन इतकं, चौकीदाराचा पगार इतका, अमुक महिन्यात शून्य. कमिटीला फोनवरून सांगितलं की दोघांचेही पगार निम्मे करावे लागतील. गणित चोख होतं. कुणाला खोडता आलं नाही.

महिला सभेच्या बायांनी ते खोडलंही नाही. त्यांनी फक्त कळवलं की आमच्याकडे तांदूळ आहे. इकडच्या मंडळ्यांत जुनी चाल आहे, मुठ्ठीदान. रोज भात टाकताना घरातली बाई एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते, रविवारी तो चर्चला देते. मिशनच्या काळापासून खेड्यांतल्या मंडळ्या अशाच उभ्या राहिल्या. मला वाटायचं, शहरात ते संपलं असेल. हंगामाच्या सणाला थोडंफार येतं, तेवढंच. तर ते संपलेलं नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच. खमतराईकडच्या आणि रेल्वेच्या डब्ल्यूआरएस कॉलनीच्या मागच्या गल्ल्यांतल्या घरांत डबे भरत होते. त्या तांदळावर पाळकांचं घर, चौकीदाराचं घर आणि रोजंदारी बुडालेली आणखी काही घरं चालली. चौकीदाराकडे मी स्वतः एकदा पिशवी घेऊन गेलो. जाड, लालसर, दहा घरांचा मिसळलेला तांदूळ होता, काही दाणे उकडे, काही साधे. त्याची बायको सुपात घेऊन निवडत बसली होती आणि हसत म्हणाली की हा शिजताना निम्मा आधी शिजतो, निम्मा मागून.

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर मला चीड आली. माझ्या वहीत तांदळाला रकाना नव्हता. माझ्या परवानगीशिवाय, माझ्या सहीशिवाय, माझ्या तक्त्याने 'शून्य' ठरवलेल्या महिन्यात लोक जेवत होते. ती चीड पुष्कळ दिवस राहिली आणि तीच मला विचार करायला भाग पाडत होती. मंडळी जगावी म्हणून मी इतकी वर्षं राबलो असेन, तर ती माझ्यावाचून जगली याचं मला वाईट का वाटावं?

त्याच टाळेबंदीत वडिलांच्या ट्रंकेतली जुनी पुस्तकं काढली आणि पंडिता रमाबाई पुन्हा वाचल्या. रमाबाई आमच्याकडे भिंतीवरच्या फोटोतल्या. फोटोतल्या माणसाचं आपण वाचत नाही. आता हिशेबनिसाच्या डोळ्यांनी वाचलं आणि चक्रावलो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमध्ये, वाँटेजला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली आणि बोस्टनमध्ये एक संस्था उभी करवली. तिने दहा वर्षं खर्चाची हमी घेतली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांची शाळा, शारदासदन, उघडलं. म्हणजे बघा: आधी निधी, मग संस्था. माझ्यासारख्याने ऊर भरून यावा असा कारभार. पण या सगळ्यानंतर काही वर्षांनी त्यांनी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र वाचलं. हा गृहस्थ कित्येक वर्षं व्यासपीठावरून उपदेश करत होता आणि एक दिवस स्वतःच्याच उपदेशाच्या मध्यावर त्याचं मनःपरिवर्तन झालं. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं आणि निष्कर्ष काढला की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. पुढे १९०७ मध्ये त्यांनी ही गोष्ट स्वतःच्या साक्षीत छापून टाकली. बाप्तिस्मा घेतलेली, जगभर गाजलेली, संस्कृत पंडित बाई हे स्वतःबद्दल लिहिते. आमच्या साक्षसभेत कोणी असं बोललं असतं तर लोकांनी पाळकांकडे बघितलं असतं.

आणि मग हिशेब. १८९५ च्या सुमारास त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळबाग लावली. शाळेने आपला खर्च आपण काढावा हा हेतू. इथपर्यंत अँडरसनसाहेबही खूश झाले असते. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतात पडला. रायपूर तेव्हा मध्यप्रांतातच होतं. रमाबाईंनी स्वतः आधीच्या एका दुष्काळात आईबाप गमावले होते, त्यांना घरी बसवेना. त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. शारदासदन तोवर पुण्याला हललेलं, तिथे प्लेग, मुलींना शहरात ठेवायची सोय नाही, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर. आता तारीख बघा. बोस्टनच्या हमीची दहा वर्षं १८९८ ला संपत होती. म्हणजे हमी संपायला आली असताना खर्च कितीतरी पटींनी वाढवला. १९०० च्या दुष्काळात आणखी आल्या, केडगावच्या त्या संस्थेतली, म्हणजे मुक्तीतली, माणसं दोन हजारांच्या घरात गेली. माझ्यासमोर ही फाइल आली असती तर मी तांबड्या शाईत आक्षेप नोंदवून परत पाठवली असती. अमेरिकेत नवी संस्था उभी राहिली, मदत येत राहिली, ते खरं. पण मुक्तीचा पसारा त्या मदतीच्या मापाने बेतलेला नव्हता. तिकडून जे येईल त्यात भागेल, न आलं तर मागू, आणि मागायचं ते देवाकडे.

इथे माझा जुना सिद्धांत पुढे सरकेना. कारण या घरात टिळक आणि लक्ष्मीबाई एकच बाई होती. भरवसाही तिचाच, चूलही तिचीच. आणि ती हात जोडून बसली नव्हती. मुक्तीत विहिरी खणल्या, तेलाचा घाणा चालवला, हातमाग घातले, गाईम्हशी पाळल्या, छापखाना उभा केला. हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत सबंध बायबल उतरवायला घेतलं, खिळे मुलींनी जुळवले, छापलंही त्यांनीच. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं. आळशाची सोय म्हणून देव धरणारी बाई असं जगत नाही. मग तिने सोडलं काय? काम तर सोडलं नाही, उलट वाढवलं. तिने हमी सोडली. हे सगळं आपल्याला पुरून उरेल याची खात्री करून घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा हट्ट तिने सोडला. आणि तोच तर माझा सगळा धर्म होता.

वाचून माणूस बदलतो यावर माझा फारसा विश्वास नाही. मीही बदललो नाही. पुस्तक मिटलं, तक्ते चालू राहिले. एवढंच की नव्या वहीत तांदळाचा रकाना आखला.

मग हाताला कंप सुटला. उजव्या. आधी चहाच्या बशीत खडखड, मग शर्टाचं वरचं बटण. डॉक्टरांनी चालवून पाहिलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली आणि आजाराचं नाव सांगितलं. हळूहळू वाढतो, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. मी पहिला प्रश्न विचारला तो जगण्यामरण्याचा नव्हता. विचारलं, "सही करता येईल ना?" येत होती, पण ती माझी नव्हती. अक्षर बारीक होत होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढं व्हायचं. बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. बँकेचं काही चुकलं नव्हतं, माझ्या नमुन्याच्या सहीशी मीच जुळत नव्हतो.

मंडळीतली एक मुलगी, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती, रविवारी थैली मोजायला माझ्याबरोबर बसायची. महिनाअखेरीची बेरीज मांडताना माझी लाल रेघ वेडीवाकडी धावली आणि खालच्या ओळीत घुसली. तिने पेन माझ्या बोटांतून हलकेच काढून घेतलं आणि म्हणाली, "रहन दे न अंकल, मैं लिख देहूँ." तिचं अक्षर गोल, शाळकरी, सातच्या आकड्याला मध्ये काट मारणारं. मी इतकी वर्षं सातला काट मारू दिली नव्हती कुणाला. त्या दिवशी बघत बसलो. तिने पान पुरं केलं, वही बंद करण्याआधी डोळे मिटून दोन वाक्यं छत्तीसगढीत प्रार्थना केली, थैलीत टाकणाऱ्यांची नावं न घेता सगळ्यांसाठी, आणि शेवटी माझ्या हातासाठी. हात बरा कर, असं ती म्हणाली नाही. अंकलच्या हाताला जड पडू देऊ नकोस, असं काहीसं म्हणाली.

बायबलातल्या निर्गमच्या सतराव्या अध्यायात अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेक्यांची. हात भरून येतात. मग त्याला धोंड्यावर बसवतात, अहरोन आणि हूर दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत. रविवारच्या शाळेत मी ही गोष्ट अनेकदा शिकवली आणि प्रत्येक वेळी मोशेचा चिवटपणा शिकवला. त्याला बसायला लागलं, हे वाचलं होतं. शिकवलं नव्हतं.

पौलाचंही तसंच. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल लिहितो. काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. आपली कृपा पुरेशी आहे, एवढंच उत्तर मिळालं. मला ते उत्तर नेहमी टोलवाटोलवीचं वाटायचं, अर्ज निकाली काढल्याचं. आता तसं वाटत नाही. काटा निघाला असता तर पौल आणखी एक कर्तबगार माणूस झाला असता, आणि तसे तर त्याही काळी पुष्कळ होते.

मत बदललं म्हणून सगळंच पटायला लागलं असं नाही. गोळ्या बंद करा आणि विश्वास ठेवा, असं सांगणारा एक प्रचारक घरी आला होता, त्याला मी चहा देऊन वाटेला लावला. कर्ज काढून लग्नं करायची आणि प्रभू फेडील म्हणायचं, हेही मला मान्य नाही. प्रभूच्या नावावर दुसऱ्याला जामीन ठेवण्याचा तो प्रकार आहे. मंडळीच्या नोकराला वेळेवर पगार न देता त्याला भरवशाची शिकवण देणं, याला तर मी पाप म्हणतो, आणि कमिटीत तसं बोललोही. व्हाउचरशिवाय पैसा देऊ नये, या मुद्द्यावर मी अजून तसूभर हललेलो नाही. हमी सोडा म्हणजे पावत्या सोडा असं रमाबाईंनीही कधी म्हटलं नाही.

आमच्या मराठी गोतावळ्यात माझा एक जुना मित्र आहे, विनोबांना मानणारा, देवळात न जाणारा. त्याला हे सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि नेमकं बोट ठेवलं. "तांदूळ बायांनी दिला. वही मुलीने लिहिली. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. यात तुझा देव कुठे आहे? माणसाला माणसं लागतात, एवढंच तुला म्हातारपणी कळलं." प्रश्न सोपा नव्हता आणि मी लगेच उत्तर दिलं नाही. पुष्कळ दिवसांनी दिलं ते असं. मदत माणसांनीच केली, मान्य. ती माणसं आधीपासून तिथेच होती, हेही मान्य. पण मदत घ्यायची, मागून घ्यायची आणि घेतल्यावर आपण कुणी लहान झालो असं वाटून घ्यायचं नाही, हे माझ्या बळावर माझ्याकडून कधीच झालं नसतं. माझ्या बळाला नेमकं तेच नको होतं. ते बळ मला सगळं करू द्यायचं, फक्त थांबू द्यायचं नाही. मग मी थांबू शकलो ते कुणाच्या बळावर? तुझ्याकडे दुसरं नाव असेल तर सांग. माझ्याकडे एकच आहे, आणि त्या नावाने मी लहानपणापासून नुसत्या सह्याच करत आलो.

तो म्हणाला, "हे तुझं उत्तर मला पटलं नाही, पण खोडताही येत नाही." मग म्हणाला, "ते राहू दे. आमच्या कॉलनीतल्या गणपतीच्या वर्गणीत चाळीस रुपयांचा घोळ आहे, दोन रात्री डोकं फोडतोय. येतोस का?" मी म्हटलं, येतो, पण वही तू धरायचीस, पानं तू उलटायचीस आणि आकडे मोठ्याने वाचायचेस. शनिवारी गेलो. तो वाचत होता, मी ऐकत होतो. दुसऱ्या पानाच्या तळाशी तो वाचता वाचता मध्येच थांबला. हातचे चार सुटले होते कुठेतरी आणि पुढे चाळीसच्या जागी शून्य आलं होतं. त्याचं त्यालाच सापडलं.